कुंडीतला नवलकोल कडक का होतो?

मागच्या जानेवारीत एका रविवारी विळीवर दोन नवलकोल चिरायला घेतले. एक सासवडजवळच्या मामांच्या शेतातला, दुसरा माझ्या गच्चीवरचा. मामांचा गड्डा पात्याला लागला आणि कच्चकन दोन तुकडे झाले. आतून पांढराशुभ्र, चिरलेल्या भागावर पाण्याचे बारीक थेंब. माझ्या गड्ड्यात पातं निम्म्यावर अडकलं. जोर लावून तो फोडला, तर तळाकडून वर गेलेल्या पांढऱ्या दोऱ्या दिसल्या, आंब्याच्या बाठीला असतात तशा. वरचा थोडा भाग तेवढा खाण्यासारखा होता.

जिवाला लागण्यासारखी गोष्ट अशी की दोन्हींचं बी एकाच पाकिटातलं होतं. ‘व्हाइट व्हिएन्ना’ ही नेहमीची फिकट हिरवी जात. रोपं मामांच्याच गादीवाफ्यावर वाढलेली, एकाच दिवशी उपटलेली. आणि मातीही तीच! गच्चीवर बाग करायची म्हणून मी मामांच्या रानातली काळी माती दोन पोती भरून पुण्याला आणली होती. बी तेच, माती तीच, हिवाळा तोच. मग एक कोवळा आणि एक लाकूड, असं का?

याचं उत्तर शोधताना एक गोष्ट पक्की कळली. कुंडी म्हणजे शेताचा लहान तुकडा नव्हे. तीच माती कुंडीत भरली की ती वेगळी वागायला लागते. आणि नवलकोल हे पीक असं आहे की मातीतला हा फरक ते पोटात साठवतं आणि चिरल्यावर दाखवतं.

गड्डा म्हणजे काय

नवलकोलाचा गड्डा जमिनीच्या वर असतो, तरी अनेकजण त्याला कंदमूळ समजतात. मुळा, गाजर, बीट यांच्या रांगेत त्याला बसवतात. खरं तर तो कोबीचा सख्खा भाऊ. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, केल आणि नवलकोल ही सगळी एकाच वनस्पतीची रूपं आहेत. माणसानं निवड करत करत कोबीत पानांचा गड्डा वाढवला, फ्लॉवरमध्ये फुलोरा वाढवला, आणि नवलकोलात खोड. डच भाषेत गड्ड्याला ‘क्नॉल’ आणि कोबीला ‘कोल’ म्हणतात. त्यातूनच आपल्याकडे नोलकोल, नवलकोल, अलकोल अशी नावं रुळली. काश्मिरात याला मोंज म्हणतात आणि तिथे पाल्यालाही गड्ड्याइतकाच मान असतो. आपण मात्र पाला बाजारातच मोडून टाकायला लावतो. कोवळी पानं बारीक चिरून, डाळीचं पीठ पेरून भाजी करून पाहा, मग टाकवणार नाहीत.

तर गड्डा हे फुगलेलं खोड आहे. त्याच्या सालीवरच्या आडव्या खुणा म्हणजे पानं जिथून फुटली त्या जागा. आतला पांढरा भाग म्हणजे पाण्यानं भरलेल्या मऊ पेशी. पण खोड म्हटलं की मुळांकडून पानांकडे पाणी नेणाऱ्या नळ्याही आल्याच. रोप भराभर वाढत असतं तोवर मऊ पेशी जोरात असतात आणि नळ्या नाजूक राहतात. वाढ अडली, म्हणजे पाणी तुटलं, ऊन तापलं किंवा काढणी लांबली, की या नळ्यांच्या भिंती जाड आणि टणक होत जातात. लाकडात असतं तेच द्रव्य त्यांच्यात साठतं. सुरुवात तळापासून, मुळाच्या बाजूनं होते. म्हणून नवलकोल सोलताना बुडखा आधी उडवावा आणि साल खालून वर ओढून काढावी. दोऱ्या सालीबरोबर निघून येतात.

टोमॅटोचं झाड दोन दिवस कोमेजलं तर पुन्हा सावरतं, पुढची फळं नीट येतात. वांग्याचंही तसंच. नवलकोलाला पुढची संधी नाही. एक रोप, एक गड्डा, आणि रोप लावल्यापासून सगळं आयुष्य साधारण दोन महिन्यांचं. त्यात चार दिवस वाढ अडली तर ते चार दिवस गड्ड्यात दोऱ्या होऊन राहतात.

पेलाभर पाण्याचा हिशोब

आता पाण्याकडे येऊ, कारण खरी मेख इथेच आहे.

शेतात नवलकोल ३० बाय २० सेंटिमीटरवर लावतात. म्हणजे एका चौरस मीटरमध्ये साधारण १६ रोपं. हिवाळ्यात आपल्याकडे पिकातून आणि मातीतून मिळून दिवसाला ३ ते ४ मिलिमीटर पाणी उडून जातं. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. तेव्हा ३-४ लिटर भागिले १६ रोपं, म्हणजे एका रोपाची रोजची गरज पाव लिटरच्या आसपास. पेलाभर पाणी.

चांगली काळी माती वरच्या ३० सेंटिमीटरमध्ये रोपाला घेता येईल असं साधारण ५० मिलिमीटर पाणी धरते. म्हणजे प्रत्येक रोपाच्या वाट्याला ३ लिटर. रोज पेलाभर खर्च, शिल्लक ३ लिटर. पाणी पूर्ण संपायला १२ दिवस. शहाणा शेतकरी निम्मं संपलं की पाण्याची पुढची पाळी देतो, म्हणजे सहा दिवसांनी. शिवाय खालच्या थरातली ओल हळूहळू वर चढत असते, ती वेगळीच.

माझी कुंडी ५ लिटरची होती. त्यातलं रोपाला खरोखर मिळणारं पाणी जेमतेम सव्वा लिटर. आणि गच्चीवर खर्च मात्र जास्त. शेतात रोपाला रोपाचा आडोसा असतो. गच्चीवर ते एकटं उभं असतं, चारी बाजूंनी वारा, खालून तापलेली फरशी, बाजूनं कठड्याची भिंत. तिथे रोजचं अर्धा लिटर धरा. म्हणजे अडीच दिवसांत खडखडाट, आणि निम्मं पाणी सव्वा दिवसातच संपलेलं. मी पाणी दर तिसऱ्या दिवशी देत होते, कारण मामा तर आठवड्यातून एकदा देतात, मग तिसरा दिवस पुष्कळ झाला, असा माझा समज.

मामांना हे फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “अगं, रान आठ दिवस दम धरतं. तुझ्या कुंडीला कुठला दम?”

शेत आपली चूक पोटात घालतं. वीज गेली, मोटार जळली, लग्नाला जायचं म्हणून पाळी दोन दिवस पुढे गेली, तरी रान सांभाळून घेतं. कुंडीला ती सोय नाही. आणि आपण चूक झाल्यावर काय करतो? मान टाकलेलं रोप दिसलं की घाबरून बादलीभर पाणी ओततो. कोरड्या दिवसांत गड्ड्याची साल घट्ट झालेली असते. अचानक पाणी आलं की आतल्या पेशी फुगतात, साल ताणली जात नाही आणि गड्डा उभा तडकतो. माझे बारापैकी तीन असे तडकले. शेतातही हे होतं, ताण देऊन एकदम भरपूर पाणी दिलं की. कुंडीत मात्र ही संधी दर आठवड्याला येते.

शेतातली माती कुंडीत का चालत नाही

इतकं वाचून वाटेल की रोज पाणी दिलं की झालं. मीही तेच केलं. राहिलेल्या रोपांना रोज सकाळी तांब्याभर पाणी. आठ दिवसांत खालची पानं पिवळी पडली. एक कुंडी उलटी करून पाहिली, तर खालचा चार बोटं मातीचा थर चिखलासारखा, आंबूस वासाचा, आणि त्यातली मुळं तपकिरी होऊन गळलेली. वरची माती मात्र भेगा पडलेली. एकाच कुंडीत वर दुष्काळ, खाली दलदल!

हे समजून घ्यायला भांडी घासायचा स्पंज पुरतो. नवा, आयताकृती स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि तळहातावर आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज न दाबता उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागतं! स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. आडव्या स्पंजच्या तळाशी जे पाणी अडकून बसलं होतं, ते वरच्या ओल्या खांबाच्या वजनानं सुटलं. तरी उभ्या स्पंजच्याही तळाशी थोडा भाग चिंब राहतोच.

कुंडीत हेच होतं. भोक कितीही मोठं असो, तळाशी काही सेंटिमीटरचा थर पाणी धरूनच बसतो. त्याची जाडी मातीच्या कणांवर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. माती जितकी बारीक कणांची, तितका चिंब थर जाड. काळ्या मातीचे कण अत्यंत बारीक, म्हणून माझ्या उथळ कुंडीचा निम्मा भाग दलदल झाला होता. शेतात याच मातीच्या खाली आणखी माती असते, तिच्याखाली मुरूम. वरचं पाणी खालची माती ओढून घेत राहते. म्हणून पाळी दिल्यावर दोन-तीन दिवसांत रान वाफशावर येतं, म्हणजे ओल आहे आणि हवाही आहे अशी मुळांना सगळ्यात आवडणारी स्थिती. कुंडीच्या मातीखाली ओढून घेणारं काही नसतं, नुसती हवा असते. तिथे वाफसा आपणहून येत नाही, तो मिश्रणातूनच आणावा लागतो.

याच कारणानं कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी घालायची आपली जुनी सवय फायद्याची नाही. भोकावर एखादी खापरी ठेवावी, माती वाहून जाऊ नये म्हणून, तेवढं ठीक. पण तीन बोटं खडीचा थर घातला तर चिंब थर तेवढाच राहतो आणि तो खडीच्या वर येऊन बसतो. मुळांना मिळणारी कोरडी, हवेशीर जागा उलट कमी होते. मी हे वर्षानुवर्षं करत आले, आईही करायची, म्हणून सोडायला जड गेलं.

काळ्या मातीचा आणखी एक स्वभाव आहे, वाळली की ती आक्रसते. शेतात त्यामुळे भेगा पडतात. कुंडीत मातीचा अख्खा गोळा कडेपासून सुटतो, आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ भोकातून बाहेर येतं. ताटलीत पाणी दिसलं की आपल्याला वाटतं, भरपूर झालं. बोट घालून पाहावं तर मधला गोळा ठणठणीत कोरडा.

यंदा मी मिश्रण असं केलं: दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दोन भाग गांडूळखत, एक भाग पोयटा (गाळाची माती) आणि एक भाग भाताचं तूस. तूस मिळालं नाही तर जाडी वाळू चालते, फक्त कुंडी जड होते. कोकोपीट आधी दोन-तीनदा साध्या पाण्यात भिजवून निथळून घ्यायचं, कारण त्यात खारटपणा असू शकतो आणि कोवळ्या मुळांना तो बाधतो. बारा कुंड्यांत मिळून दोन-तीन मुठी निंबोळी पेंड. कुंडी निदान २५ सेंटिमीटर खोल हवी. १२ इंची कुंडीत दोन रोपं सुखानं राहतात, तिसरं लावायचा मोह टाळावा. लांबट ग्रो बॅग असेल तर दोन रोपांत वीतभर अंतर.

खताचंही असंच. शेतासाठी साधारण शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद, ५० किलो पालाश आणि खाली भरपूर शेणखत अशी असते. १०० किलो नत्र हेक्टरी म्हणजे चौरस मीटरला १० ग्रॅम, म्हणजे रोपामागे जेमतेम ०.६ ग्रॅम. चिमूटभर! शेतात ते दोन हप्त्यांत देतात, निम्मं लागवडीला आणि निम्मं महिन्याभरानं. कुंडीतून रोजच्या पाण्याबरोबर खत वाहून जातं, म्हणून तिथे थोडं थोडं आणि वारंवार द्यावं लागतं. १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के) लिटरला २ ग्रॅम, त्यातलं पाव लिटर पाणी आठवड्यातून एकदा, असं सहा आठवडे दिलं तर एका रोपाला ३ ग्रॅम खत, म्हणजे पुन्हा जवळपास ०.६ ग्रॅमच नत्र मिळतं. कागदावर हे दोन आकडे जुळले तेव्हा मला फार समाधान वाटलं. रासायनिक खत नको असेल तर शेणाचं पातळ पाणी द्या, पण तेही आठवड्याला नेमानं. एकदम मूठभर युरिया कुंडीत टाकू नका. मुळं करपतात, आणि वाचली तरी पालाच माजतो.

उन्हाचं थोडक्यात सांगते. नवलकोलाला १५ ते २५ अंश तापमान मानवतं. शेतात ऑक्टोबरचं ऊन वरून तापवतं, पण बोटभर खाली जमीन गार असते. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला ऊन बाजूनं लागतं आणि नेमकी मुळं कडेलाच गोळा झालेली असतात. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा, बाहेरच्या रांगेला जुनं बारदान गुंडाळा, वर पालापाचोळ्याचं आच्छादन करा. लागवडीची घाई करू नका; पुण्यात मी बी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात टाकते, मुंबई-कोकणात नोव्हेंबरही चालेल. निफाडसारख्या कडाक्याच्या थंडीच्या भागात उलटी काळजी. रोप लहान असताना आठवडाभर पारा १० अंशांखाली राहिला तर त्याला हिवाळा उलटून गेल्यासारखं वाटतं आणि गड्डा भरण्याआधीच ते फुलोऱ्यावर येतं. कुंडी अशा वेळी रात्री आत घेता येते. शेत कुठे उचलून नेणार!

कुंडी शेतावर खरी मात करते ती किडीच्या बाबतीत. कोबीवर्गीय पिकांचा मोठा शत्रू म्हणजे चौकोनी ठिपक्यांचा पतंग. पान उलटून पाहिलं की खालच्या बाजूला नखाएवढ्या हिरव्या अळ्या दिसतात. त्या पानाचा खालचा पापुद्रा खातात आणि वरचा तसाच ठेवतात, त्यामुळे पानाला पारदर्शक खिडक्या पडल्यासारखं दिसतं. अळीला काडीनं हलकेच टोचलं तर ती मागे मागे वळवळते आणि धाग्याला लटकून खाली उतरते. औषधांना दाद न देण्यात हिचा हात कुणी धरणार नाही; १९५३ सालीच जावा बेटावर ती डीडीटीला जुमानेनाशी झाल्याची नोंद आहे. शेतात बांधाबांधानं मोहरीच्या ओळी लावतात, म्हणजे पतंग तिकडे आकर्षित होतात, तरी फवारणी चुकत नाही. बारा कुंड्यांना मात्र जुनी मच्छरदाणी पुरते, आणि रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन पानं उलटून पाहिली की अळ्या वेचून होतात. मावा दिसला तर पानाखालून पाण्याचा जोरदार फवारा मारा. तणांचा तर प्रश्नच नाही. मामांकडे दोन खुरपण्यांची मजुरीच केवढी होते.

एक चूक दोन्हीकडे होते. कोबीला भर देतात तशी नवलकोलालाही मातीची भर देतात आणि गड्डा निम्मा पुरला जातो. पुरलेला भाग लवकर सडतो. भर दिली तरी ती गड्ड्याच्या बुडापर्यंतच.

काढणीचं गणित दोघांचं वेगळं आहे. मामांना अख्खं रान एकदम तयार हवं, कारण टेम्पो एकदाच भरायचा. माल वजनावर जातो, म्हणून दोन-चार दिवस राखून गड्डा जरा मोठा होऊ द्यायचा मोह प्रत्येकाला होतो. गच्चीवर मी प्रत्येक गड्डा त्याच्या त्याच्या दिवशी काढू शकते. ५ ते ७ सेंटिमीटर, म्हणजे मध्यम संत्र्यापेक्षा थोडा लहान, आणि नख टोचलं तर सालीत सहज रुतलं पाहिजे. नख रुतेना झालं की उशीर झाला.

पैशाचं म्हणाल तर कुंडीतला नवलकोल स्वस्त पडत नाही. शेतात हेक्टरी २०० ते २५० क्विंटल निघतात, म्हणजे रोपामागे साधारण दीडशे ग्रॅम. माझ्या बारा रोपांचे धरले तर पावणेदोन किलो. चार माणसांच्या घरात दोन-तीन वेळची भाजी. म्हणून सगळं बी एकदम न टाकता मी दर पंधरा दिवसांनी सहा-सहा रोपं तयार करते. एका ग्रॅममध्ये सुमारे ३०० बिया असतात, तेव्हा छोटं पाकीट दोन हिवाळे पुरतं. डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीपर्यंत आठवड्याला दोन-तीन कोवळे गड्डे हाताशी राहतात. हरभऱ्याची डाळ घालून भाजी, नाहीतर किसून दाण्याचं कूट आणि दही घालून कोशिंबीर. काढल्यापासून अर्ध्या तासात किसलेल्या गड्ड्याला जो गोडवा असतो, तो बाजारातल्या गड्ड्यात मला कधी सापडला नाही.

यंदा सासवडकडे सलग चार दिवस पाऊस झाला. मामांच्या गादीवाफ्यावर पाणी साचलं आणि आठ दिवसांची रोपं बुडातून कोलमडली. माझ्या गच्चीवर प्रो-ट्रेमध्ये, म्हणजे रोपं वाढवायच्या खाचांच्या ट्रेमध्ये, त्याच तूस-कोकोपीटच्या मिश्रणात टाकलेली रोपं मात्र ताठ उभी होती. त्यांचा फोटो पाठवला. संध्याकाळी मामांचा फोन आला. “पुढच्या खेपेला येशील तेव्हा तुझी ती माती घेऊन ये एक पोतं,” ते म्हणाले. “आणि किती पाणी मारायचं, तेही लिहून आण.”